पाणी सहा ते आठ

आमच्या इमारतीच्या पंपघराबाहेर
हातभर लांबीचा फळा आहे.
त्यावर पदाजी तांडेल रोज लिहितो:
पाणी सकाळी ६ ते ८.
आणि खडू उरतो म्हणून
खाली आणखी एक ओळ.

पहिल्या दिवशी होतं:
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.
सी विंगच्या दळवीबाई थबकल्या,
म्हणाल्या, इथे एक सांभाळवत नाही,
आणि पिंप भरायला वर गेल्या.

मग, घटका म्हणजे चोवीस मिनिटं.
मग, रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं,
गुलाबी रंग पुढे खाण्यातून चढतो.
काही कॅलेंडरच्या पाठून उतरवलेलं,
काही भेळेच्या कागदावरून,
म्हणून एकदा नुसतंच होतं:
जगातील सर्वांत उंच.
पुढचं तेलात गेलेलं.
मुलं जिन्यात दोन दिवस त्यावरून भांडली.

मी वहीत उतरवून घ्यायचो.
सामान्य ज्ञान ही माझी जुनी दुखरी दाढ.
राजधान्या पाठ, तहांची सालं पाठ,
तिसऱ्या खेपेला मुलाखतीपर्यंत पोचलो
तर साहेबांनी विचारलं,
तुमच्या गावच्या पाच गवतांची नावं सांगा.
मी म्हणालो, हिरवळ.
आणि मग नुसताच पंखा ऐकू येत राहिला.

एका मंगळवारी फळ्यावर आलं:
खाजण. खाडीचं पाणी येतं-जातं ती जमीन.
उदा. बी विंग.

सेक्रेटरी चष्मा पुसत खाली आले.
भाव पडतील, म्हणाले, उदाहरण काढ.
पदाजीने बोटाने बी विंग पुसली
आणि लिहिलं: उदा. पार्किंग.

त्यानंतर भेळेचा कागद बंद.
भांग: केसांतला नव्हे. अष्टमीच्या सुमाराची
मंद भरती.
निवटी: चिखलावर चालणारा मासा.
कातडीनेही श्वास घेतो.
तिवर: पान चाटून बघा.

मी गेलो. वय एक्कावन्न,
इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र,
करावे गावामागच्या बांधावर उभं राहून
पानाला जीभ लावली.
पळायला आलेली एक मुलगी कानातलं काढून
माझ्याकडे बघत राहिली.
खारट.
वहीत लिहिलं: खरं आहे.

वीस वर्षं इथे हप्ते भरतोय
आणि पायाखालचं इतकं कमी ठाऊक,
हे कुणाला सांगायची सोय नव्हती,
म्हणून त्याच बांधावरून जे दिसलं
ते त्याला विचारलं:
भरती पुरी झालेली असते,
ओहोटी लागलेली नसते,
पाण्यावरची काटकीसुद्धा हलत नाही,
त्या थांबल्या पाण्याला काय म्हणतात?

पदाजी व्हॉल्व्ह फिरवता फिरवता राहिला.
हाय एक शब्द, म्हणाला. आय बोलायची.
जिभेवर येतो नि जातो.
मग पाईपला कान लावल्यासारखा
बराच वेळ वाकून होता.
दिवाळ्याला मावशी हाय, तिला ठावं असंल.
तिला ऐकू कमी येतं, पण विचारतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर:
पाणी सकाळी ६ ते ८.
त्याखाली: विचारून सांगतो.

हे गेल्या महिन्यातलं.
वरचे आकडे बदलले, मध्ये एक दिवस
पाणी आलंच नाही, टँकरची वेळ आली,
खालची ओळ तशीच,
फक्त रोज नव्याने गिरवलेली.
मुलांना वाटतं तोच आजचा शब्द.
चौथीतल्या मिहिकाने मला अर्थही सांगितला:
काका, विचारूनसांगतो म्हणजे
जे आहे पण घरी नाहीये.

मी वहीत एक ओळ सोडून ठेवली आहे.
काल संध्याकाळी बांधावर गेलो तेव्हा
पाणी थांबलेलं होतं.
एक काटकी, एक चपलेचा अंगठा,
दोन्ही जागच्या जागी.
मी घड्याळ बघितलं नाही.
अर्धी घटका असेल.